कारमध्ये उकडलं म्हणून एसी बनवायला निघाला, आणि जगाला फळं-भाज्यांचा गार ट्रक देऊन गेला

एप्रिल-मे महिन्यातलं होटगी. सोलापूरपासून जवळच असलेलं हे रेल्वे जंक्शन. मुंबईकडून आलेली लाईन इथं फुटते, एक फाटा वाडीकडं जातो, दुसरा विजयपूर-गदगकडं. पारा ४३-४४ वर. या भागात सिमेंटचे कारखाने आहेत, म्हणजे ट्रक आले. आणि ट्रक आले म्हणजे नंबर लागेपर्यंत थांबणं आलं. दुपारी दोनच्या उन्हात केबिनचा पत्रा तव्यासारखा तापतो, म्हणून ड्रायव्हर गाडीखाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत गमछा टाकून आडवा होतो. दिवसच्या दिवस त्याचं घर म्हणजे तो ट्रकच.

आता याच जिल्ह्यातला दुसरा ट्रक बघा. सांगोला-पंढरपूरकडचं डाळिंब भरलेला. मागं पांढरा बंद डबा आणि डब्याच्या कपाळावर घरघरणारी एक पेटी. बाहेर काहीही असो, आत ५ ते ७ अंश. ट्रक चालू असो की ढाब्यावर उभा असो, पेटी आपलं काम करत राहते.

म्हणजे डाळिंबाला एसी आहे. गाडीत राहणाऱ्या माणसाला मात्र बहुतेक वेळा नाही.

गंमत अशी आहे की ही पेटी ज्यानं बनवली, त्याच्या डोक्यात सुरुवातीला फळं नव्हतीच. गाडीत बसून उकाड्यानं हैराण झालेला माणूस होता. आणि तो माणूस तो स्वतःच होता. त्याचं नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स.

फ्रेडचा जन्म १८९३ चा, अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या काठचा, सिनसिनाटी शहराच्या परिसरातला. वडील आयरिश वंशाचे गोरे, रेल्वेत मजुरी करणारे. आई कृष्णवर्णीय. आईचा सहवास त्याला जवळपास मिळालाच नाही. वडिलांनाही एकट्यानं पोर सांभाळणं जमेना, तेव्हा सात वर्षांच्या फ्रेडला त्यांनी एका कॅथलिक धर्मगुरूंच्या घरी ठेवलं. तिथं झाडलोट करायची, बागेत राबायचं आणि त्या बदल्यात जेवण आणि थोडं शिक्षण. अकराव्या वर्षी पठ्ठ्या तिथून सटकला. शाळेशी संबंध संपला तो कायमचा.

सिनसिनाटीत मोटारी दुरुस्त करणारं एक गॅरेज होतं. तिथं तो झाडूवाला म्हणून लागला. मोटारगाडी तेव्हा नवीन चीज होती, तिचं पोट उघडून बघितलेली माणसं मोजकीच. फ्रेड झाडता झाडता बघत राहिला. चौदाव्या वर्षी मेकॅनिक झाला आणि पुढच्या वर्षी त्याच गॅरेजचा मुकादम. शर्यतीच्या गाड्या बांधायला लागला. शर्यतीचा नाद इतका वाढला, की एकदा न विचारता शर्यत बघायला गेला आणि मालकाशी बिनसलं. नोकरी सुटली.

१९१२ साली तो मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळच्या हॅलॉक नावाच्या गावी पोचला. रेल्वेसम्राट जेम्स हिल याच्या कुटुंबाची तिथं हजारो एकरांची शेती होती आणि तिथली यंत्रं सांभाळायला माणूस हवा होता. ज्या माणसानं पुढं जगाला गारवा दिला, त्याची उमेदीची वर्षं अशा गावात गेली जिथं हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली उतरतो.

हॅलॉकमध्ये वाचनालय होतं. फ्रेड तिथून यंत्रशास्त्राची, विजेची पुस्तकं आणून वाचायचा. मध्ये पहिलं महायुद्ध आलं. तो सैन्यात गेला, फ्रान्सला पोचला. तिथं छावणीत वीज आणि टेलिफोनच्या तारा ओढणं, बिघडलेली यंत्रं चालू करणं ही कामं त्याच्याकडं आली आणि सार्जंट होऊन तो परत हॅलॉकला आला.

परतल्यावर त्यानं जे उद्योग केले, ते जरा नीट बघायला हवेत, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातच दडलेली आहे.

बर्फात गावच्या डॉक्टरला पेशंटच्या घरी पोचता येत नव्हतं. फ्रेडनं जुन्या विमानाचा सांगाडा घेतला, खाली घसरपट्ट्या लावल्या, मागं इंजिन आणि पंखा जोडला. बर्फावरून पळणारी गाडी तयार. मग डॉक्टरची दुसरी अडचण पुढं आली. एक्स-रे काढायचा तर पेशंटला उचलून मशीनपर्यंत न्यावं लागायचं आणि तेवढ्यात त्याची हालत आणखी बिघडायची. फ्रेडनं उचलून नेता येईल असं एक्स-रे यंत्र बनवलं. त्याचं पेटंट मात्र घेतलं नाही. पुढं तशी यंत्रं विकून पैसा दुसऱ्यांनी कमावला.

माणूस यंत्राकडं जाऊ शकत नसेल तर यंत्रानं माणसाकडं जायचं. फ्रेडचं डोकं आयुष्यभर याच दिशेनं चाललं.

दरम्यान सिनेमा बोलायला लागला. आपल्याकडं १९३१ ला ‘आलम आरा’ आला, १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि मूकपट दाखवणाऱ्या थिएटरांसमोर यंत्रं बदलायचा खर्च उभा राहिला. अमेरिकेत हे संकट दोन-चार वर्षं आधी आलं होतं. हॅलॉकच्या थिएटरवाल्याला महागडं यंत्र परवडेना. फ्रेडनं भंगारातले सुटे भाग जमवून आवाजाची यंत्रणा स्वतः बांधली. ती चक्क चांगली चालली. ही बातमी मिनियापोलिस शहरातल्या जोसेफ न्यूमेरो यांच्या कानावर गेली. न्यूमेरोंचा धंदा थिएटरना ध्वनियंत्रं पुरवायचा. १९३० च्या सुमारास त्यांनी फ्रेडला नोकरीवर घेतलं. तिथं फ्रेडनं सिनेमाचं तिकीट आपोआप बाहेर देणारं यंत्रही बनवलं, १९३९ साली त्याला पेटंट मिळालं.

आता येते ती रात्र. साल १९३७, उन्हाळा. त्याच्या चरित्रात सांगतात ती गोष्ट अशी. मिनियापोलिसमध्ये उकाडा असह्य झाला होता, म्हणून फ्रेड गाडी घेऊन तळ्याकाठी गेला. काच उघडावी तर डासांची फौज आत. काच लावावी तर गाडीची भट्टी. गाडीत झोपायची वेळ आलेल्या कुठल्याही माणसाला हा पेच सांगायची गरज नाही. फ्रेडला प्रश्न पडला, थिएटरला एसी असतो, मग गाडीला का नाही?

त्यासाठी एसी करतो काय ते आधी बघू. एसी गारवा तयार करत नाही, तो उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या नळीत एका द्रवाची वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या नळीत ढकलतो, तिथं तिचा पुन्हा द्रव होतो आणि उष्णता बाहेरच्या हवेत जाते. म्हणून एसीचं एक तोंड आत आणि पाठ बाहेर असावीच लागते. आणि कॉम्प्रेसर फिरवायला सतत ताकद लागते. थिएटरमध्ये जागाही असते, वीजही असते. गाडीत दोन्हीची मारामार.

फ्रेडनं वाचनालय गाठलं, होतं नव्हतं ते वाचलं आणि गाडीसाठी एक आराखडा काढला. पण न्यूमेरोंना तो व्यवहारात बसेल असं वाटलं नाही. यात त्यांची फार चूक होती असंही नाही. १९३९ च्या अखेरीस पॅकार्ड कंपनीनं एसीची कार बाजारात आणली, तर तिच्या यंत्रानं डिकीची जागा खाल्ली, किंमत आवाक्याबाहेर गेली आणि एसी बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागायचा. दोनेक वर्षांत पॅकार्डनं तो प्रकार गुंडाळला.

फ्रेडचा कागद तसाच पडून राहिला असता. पण १९३८ मध्ये न्यूमेरो गोल्फ खेळायला गेले.

सोबत होते हॅरी वर्नर, मोठे ट्रकवाले. त्यांचा मूड गेला होता, कारण कोंबडीच्या मांसानं भरलेला त्यांचा ट्रक वाटेतच सडला होता. तेव्हा ट्रकमध्ये माल गार ठेवायचा म्हणजे बर्फ भरायचा. बर्फ वितळला की वाटेत पुन्हा भरायचा. उन्हाळ्यात ट्रक रस्त्यात बंद पडला की माल गेला.

आपल्याकडंही परिस्थिती वेगळी नव्हती. होटगीवरून जाणारी लाईन ज्या जीआयपी रेल्वेची, त्या कंपनीनं १८७२ च्या सुमारास पहिल्या वर्गाच्या डब्यांत हवा गार करण्याची सोय आणली होती. १९३४ साली मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलचा डबा गार केला जायचा तो बर्फाच्या लाद्यांनी, आणि त्या लाद्या वाटेतल्या स्टेशनांवर बदलाव्या लागायच्या. चाकांवरचा गारवा म्हणजे बर्फ, हे समीकरण मुंबईपासून मिनियापोलिसपर्यंत एकच होतं.

न्यूमेरो चेष्टेत बोलून गेले, की आमचा माणूस तुला यंत्र बनवून देईल. वर्नरनं ते खरं धरलं. नवा ट्रक घेतला आणि थेट न्यूमेरोंच्या दारात आणून उभा केला! न्यूमेरोंची पंचाईत. फ्रेडनं ट्रकमध्ये शिरून मापं घेतली आणि होईल म्हणून सांगितलं.

अडचण यंत्र बनवण्याची नव्हती, ट्रकवर टिकवण्याची होती. घरातल्या फ्रिजला कुणी खड्ड्यातून पळवत नाही. ट्रकवर मात्र सतत हादरे, धूळ, चिखल. पहिलं यंत्र फ्रेडनं ट्रकच्या पोटाखाली बसवलं. ते जड होतं आणि रस्त्याची सगळी घाण त्यातच जायची. मग त्यानं वजन कमी करत आणलं, सांधे हादरे सोसतील असे केले आणि शेवटी यंत्र उचलून डब्याच्या पुढच्या अंगाला, वर नेऊन बसवलं. तिथं धूळ कमी, वारा भरपूर. आज हायवेवर जी पेटी डब्याच्या कपाळावर दिसते, ती तिथं आहे ती या कारणानं.

पण खरी अक्कल दुसरीकडं होती. त्या पेटीला तिचं स्वतःचं छोटं इंजिन होतं. ट्रकच्या इंजिनाशी तिचं काही देणंघेणं नाही. आत तापमान वाढलं की पेटी आपोआप चालू, हवं तेवढं गार झालं की आपोआप बंद. ट्रक पळतोय की उभा आहे, ड्रायव्हर जागा आहे की झोपलाय, फरक पडत नाही.

होटगीच्या ड्रायव्हरचं गणित नेमकं इथंच अडतं.

गाडीचा नेहमीचा एसी इंजिनावर चालतो. इंजिन बंद, एसी बंद. केंद्र सरकारच्या २०२५ मध्ये लागू झालेल्या नियमाप्रमाणे नव्यानं तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. चांगलंच झालं, उशिरा झालं. पण जुन्या गाड्यांना हा नियम लागू नाही, आणि नव्या गाडीतही रांगेत चार तास उभं राहायचं तर गारव्यासाठी डिझेल जाळत बसावं लागणार. ते डिझेल कुणाच्या खिशातून जाणार, यावर ड्रायव्हर आणि मालक यांचं एकमत होणं अवघड. शिवाय इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपणं धोक्याचं आहे. धुराच्या नळीला कुठं गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही.

मग बॅटरीवरचा एसी? तो मिळतो, पण हिशेब करून बघा. छोटा एसी सरासरी ५०० वॅट घेतो असं धरलं, तर आठ तासांच्या झोपेला ४,००० वॅट-तास वीज लागते. ट्रकच्या १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या असल्या तरी त्यात ३,६०० वॅट-तासच असतात, आणि सकाळी स्टार्टर मारायला काही शिल्लक ठेवावी लागते. म्हणजे वेगळ्या बॅटऱ्या आल्या, वेगळा खर्च आला. घरात वापरतात तो चाकांचा पोर्टेबल एसी व्हॅनमध्ये ठेवणाऱ्यांची फसगत वेगळीच होते. त्याची एकच नळी खिडकीतून बाहेर काढलेली असते. तो आतली हवा बाहेर फेकतो, तेवढीच तापलेली हवा फटींतून आत शिरते. एसी चालू राहतो, गाडी काही नीट गार होत नाही. दोन नळ्यांचा किंवा टपावर बसणारा एसी त्यापेक्षा बरा. महाराष्ट्रात २०२१ पासून कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आहे, त्यामुळं हा प्रश्न आता फक्त ट्रकवाल्यांचा राहिलेला नाही.

होटगीला निसर्गानं एक सवलत मात्र दिली आहे. इथला उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणून वाळ्याचा ताट्या, ओलं पोतं किंवा बॅटरीवर चालणारा छोटा कूलर इथं जे काम करतो, ते मुंबईच्या दमट हवेत करत नाही. यात एक अट असते, खिडकी थोडी उघडी हवी. कूलर लावून काचा बंद केल्या की थोड्याच वेळात आत दमट भट्टी तयार. आणि जूनमध्ये ढग आले की ही सवलत संपली.

फ्रेडकडं परत येऊ. त्याचं यंत्र चाललं म्हणताच न्यूमेरोंनी सिनेमाचा धंदा आरसीए कंपनीला विकून टाकला आणि फ्रेडला घेऊन नवी कंपनी काढली. तीच पुढं थर्मो किंग म्हणून जगभर पोचली. भारतातल्या फळांच्या आणि औषधांच्या ट्रकांवरही हे नाव दिसतं.

होटगीच्या जुन्या माणसांना या शोधाचं मोल पटकन कळावं. गदगची लाईन कित्येक वर्षं मीटरगेज होती आणि मुंबईची ब्रॉडगेज. एका लाईनचा डबा दुसऱ्या लाईनवर जाऊच शकत नव्हता. माल पुढं न्यायचा तर हमालांनी तो एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचा. असं उन्हात तिष्ठत पडलेल्या नाशवंत मालाचं काय होत असेल ते सांगायला नको. फ्रेडचा गारवा गाडीच्या इंजिनाला बांधलेला नव्हता, मालाच्या डब्याला बांधलेला होता. १९४२ साली त्याला मिळालेलं एक महत्त्वाचं पेटंट तर काढता-घालता येणाऱ्या शीतयंत्राचंच होतं. ट्रक, रेल्वे, जहाज, जिथं डबा जाईल तिथं त्याचा गारवा सोबत. मालाला ऋतू आणि अंतर यांची भीती उरली नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्याच्या यंत्रांना वेगळंच काम लागलं. आघाडीवरच्या इस्पितळांत जखमींसाठी लागणारं रक्त आणि औषधं गार ठेवायची होती, सैनिकांचं अन्न टिकवायचं होतं. फ्रेडनं त्यासाठी उचलून नेता येतील अशी यंत्रं बनवली. हॅलॉकच्या एक्स-रे मशीनसाठी वापरलेलं डोकं आता हजारो मैल लांबच्या तंबूंत उपयोगी पडत होतं.

१९४४ साली अमेरिकेतल्या शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेनं त्याला सदस्य करून घेतलं. तिथं पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. हा तो काळ, जेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला बसमध्ये मागं बसावं लागायचं आणि अनेक हॉटेलांत त्याला खोली मिळायची नाही. ज्याची यंत्रं देशभर कुठंही जाऊ शकत होती, त्याला स्वतःला देशभर कुठंही उतरता येत नव्हतं. कॉलेजची पायरी न चढलेल्या या माणसाकडं कंपनीतले पदवीधर इंजिनिअर अडलं की यायचे. पुढं अमेरिकेच्या संरक्षण खात्यानंही त्याचा सल्ला घेतला.

त्याच्या नावावर ६० हून जास्त पेटंट आहेत, त्यातली ४० च्या आसपास शीतकरणातली. नाव त्याचं असलं तरी या यंत्रांचे हक्क कंपनीकडं जायचे. युद्धानंतर कंपनी लाखो डॉलरची उलाढाल करू लागली. फ्रेड मात्र कारखान्यातच रमलेला असायचा. १९४६ मध्ये त्यानं ल्युसिल यांच्याशी लग्न केलं.

२१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनियापोलिसमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं त्याचं निधन झालं.

त्यानंतर तीस वर्षांनी, १९९१ साली, अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक फ्रेड जोन्स आणि जो न्यूमेरो या दोघांना मरणोत्तर जाहीर झालं. फ्रेड हे पदक मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांच्या हातून ते घ्यायला दोघांच्या विधवा पत्नी व्हाइट हाउसमध्ये गेल्या होत्या.